आपांचा पेपर, माझं अक्षर

रवि., ७ ऑगस्ट २००५. अकोला
कॉलेजच्या सेवा योजनेत नाव घातल्याचा पश्चात्ताप. झाडं लावणाऱ्यांचा गट भरला, रक्तदानाचा भरला, उरलं ते अंध विद्यार्थी वाचन केंद्र. दर रविवारी दोन तास पुस्तकं वाचून दाखवायची, वहीत सही करायची, वर्षाअखेर जादा गुण. पालिकेच्या शाळेतली एक खोली, एक पंखा आणि केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, सगळ्यांचे 'काका'. काका रिटायर्ड आहेत आणि ते त्यांना सहन होत नाहीये. 'सेवा' या शब्दावर पाऊण तास बोलले. समोरच्यांना आपण अंध आहोत हे जणू आजच कळत होतं! माझ्या वर्गातल्या प्राचीच्या डोळ्यांत पाणी. प्राचीच्या डोळ्यांत मांजर बघूनही पाणी येतं.

मला मिळाल्या शमीमआपा, बार्शीटाकळीच्या. वय सव्वीस-सत्तावीस, बी.ए.चं शेवटचं वर्ष, बाहेरून. मी मधाळ आवाजात सांगितलं, "मी ऋजुता, बी.कॉम. फर्स्ट इयर, तुमच्यासाठी वाचायला आले." त्या म्हणाल्या, "वाचता येते ना? मंग वाच. एवढी लाडात काहून बोलून राहिली? मी आंधळी आहो, लहान नाही."

रवि., २१ ऑगस्ट
अर्थशास्त्र. यात आपा दोनदा नापास झाल्यात. का, ते आज कळलं. ऐकून घेत नाहीत. गाईडमधलं वाचत होते: शेतकऱ्यांच्या मागासलेपणाची कारणे. अज्ञान, अंधश्रद्धा, लग्नकार्यातली उधळपट्टी, व्यसनाधीनता.
"कोनं लिवलं हे?"
"कोणी डॉक्टर आहेत."
"त्याले वावर आहे का?"
त्याच्याकडे शेत आहे की नाही, मला काय माहीत.
मग त्यांनी रफिकभाईचं सांगितलं. रफिकभाई धाकटा भाऊ, बारावी शिकलेला. "पुस्तक म्हनते अज्ञान. माह्या भावानं कपाशीच्या पाकिटावरचं अक्षर न् अक्षर वाचलं होतं. मलेबी वाचून दाखोलं. खत किती, पानी किती, कोनत्या तारखेले. सारं तसंच केलं. बी उगोलंच नाही." रफिकभाई आता बार्शीटाकळी-अकोला काळीपिवळी टॅक्सी चालवतो. आपांना तोच आणून सोडतो.
मी म्हटलं, परीक्षेत हे लिहू नका. गुण नाही मिळणार.
"गुन कोन देते?"
"गाईड लिहिणाऱ्यासारखंच कोणीतरी."
हसल्या. पहिल्यांदाच.

रवि., ९ ऑक्टो.
रमजान. आपांचा रोजा. मी तोंड फिरवून, आवाज न करता बाटलीतून पाणी प्यायले.
"पी पी, घटाघटा पी. चोरून प्यायलं तं मलेच कसंतरी वाटते."
काकांनी आज खोलीत फलक लावला: 'दृष्टिहीनांची दृष्टी व्हा.' अंध लोकांच्या खोलीत फलक! कोणासाठी?

रवि., २० नोव्हें.
केंद्राला दांडी, कारण योजनेच्या सरांनी सगळ्यांना बसमध्ये घालून हिवरखेडला नेलं. ग्रामसर्वेक्षण. पांढऱ्या टोप्या, छापील फॉर्म. प्रश्न सातवा: 'कुटुंबात नैराश्य आहे का? हो / नाही.' एका अंगणात बाई सरकी निवडत होत्या. प्राचीनं विचारलं, काकू, तुम्हाला निराश वाटतं का? बाई म्हणाल्या, "मांगच्या म्हयन्यात असेच पोरं आले होते. त्यायनं फोटो काढले. तुमी नाही काढत?" प्राचीनं लगेच कॅमेरा काढला. मी फॉर्म बसमध्येच भरून टाकले, सगळ्यांना 'हो'. सर म्हणाले, ऋजुताचं काम नेहमी नीटनेटकं.

रवि., १५ जाने. २००६
आपांना परीक्षेत लेखनिक लागतो. नियम असा की लेखनिक खालच्या वर्गातला आणि दुसऱ्या विषयाचा हवा. मी दोन्हीत बसते. हो म्हटलं. उपकार म्हणून नव्हे. गेल्या वर्षीचा लेखनिक दर शब्दाला वेलांटी पहिली की दुसरी विचारायचा, असं आपांनी सांगितलं. असल्या माणसाच्या हातात कोणाचं वर्ष द्यायचं?

अमरावतीला एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटरची अंधांसाठी राखीव जागा निघणार आहे. पदवी पाहिजे. जागा एकच, आणि ती यंदाच भरणार. "पास झाली तं झाली. नाही तं अम्मीजवळ बसून लसून सोलत राहीन जिंदगीभर." हे सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही. काकांनी हे वाक्य म्हणायला दोन रुमाल घेतले असते.

मंगळ., ४ एप्रिल
अर्थशास्त्राचा पेपर. वेगळी खोली, मी, आपा आणि पेंगणाऱ्या पर्यवेक्षक बाई. तिसरा प्रश्न वाचून दाखवला. 'शेतकऱ्यांच्या मागासलेपणाची कारणे स्पष्ट करा.'
आपा ताठ बसल्या. "लिव." आणि सुरू. बी उगोलं नाही ते. कापूस विकून झाल्यावर भाव वाढतो ते. बैलजोडी बाजारात नेली तर घेणारेही विकायलाच आलेले, ते. सलग, न अडखळता. आवाज असा की पर्यवेक्षक बाई जाग्या झाल्या.
आणि मी? मी गाईडमधलं लिहिलं. अज्ञान. अंधश्रद्धा. उधळपट्टी. व्यसन. सुंदर अक्षरात, मुद्द्यांखाली रेघा मारून. कान एकीकडे, हात दुसरीकडे.
संपल्यावर म्हणाल्या, "वाचून दाखव."
मी त्यांचं उत्तर म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द. कागदावर नव्हतंच ते. इतके रविवार ऐकून ऐकून पाठ होतं.
"हाव, बराबर हाये."

बुध., ५ एप्रिल
बरोबरच केलं. ती तक्रार होती, उत्तर नव्हतं. तपासणारा गठ्ठ्यातून दोन मिनिटं देणार, त्यात त्याला मथळे पाहिजेत. तिसऱ्यांदा नापास झाल्या असत्या. कोणीतरी शहाणपण दाखवायला हवंच होतं.
शहाणपण. हा शब्द लिहून दोनदा खोडला. राहू दे.

मंगळ., २० जून
निकाल. आपा पास! अर्थशास्त्रात अडुसष्ट. केंद्राच्या फोनवरून मीच सांगितलं. गुण दोनदा म्हणायला लावले. मग:
"तू म्हनत होती गुन भेटनार नाही. पटलं ना त्यायले! कोनीतरी वाचलं ना माहं!"
पास झाल्याचा आनंद मला कळला असता. हा दुसराच होता. फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

रवि., २५ जून
सत्कार. काकांनी हॉल घेतला, शाल, नारळ, पाहुणे. पाहुणे शेतीखात्यातले कोणीतरी मोठे. बोलले काय, तर शेतकरी व्यसन सोडेल तेव्हाच वऱ्हाड सुधारेल. टाळ्या. मग काकांनी आपांना 'दोन शब्द' बोलायला उभं केलं. त्यांना वाटलं, आभार मानून बसेल.
आपांनी पेपरमधलं उत्तर म्हटलं. सगळं. पाहुण्यांकडे तोंड करून. कुठे बसलेत ते आवाजावरून कळलं होतं. शेवटी म्हणाल्या, "हे मी मनचं नाही बोलून राहिली, साहेब. हेच मी पेपरात लिवलं. अडुसष्ट गुन देल्ले विद्यापीठानं."
पाहुणे घड्याळ बघायला लागले. मागे उभा असलेला रफिकभाई दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. नंतर मला प्रमाणपत्र: 'उत्कृष्ट लेखनिक.' प्राची गळ्यात पडून रडली. आख्ख्या हॉलमध्ये माझ्याइतकं हलकट कोणी नव्हतं. काकासुद्धा नाहीत. काका निदान जे बोलतात ते त्यांना खरं वाटतं.

गुरु., २९ जून
बाबांना सांगितलं. वकील माणूस, आधी दार लावून घेतलं. म्हणाले, तोंड उघडायचं नाही. तू अडकशील, वर्ष जाईल. आणि तिची पदवी जाईल, मग नोकरी कुठली? "तुला मन हलकं करायचंय म्हणून तिनं का भोगायचं?"
मुद्दा चोख. याचाच राग आला. बाबांचे मुद्दे माझ्यासारखेच असतात, नीटनेटके.
पण आपा ते उत्तर आता सगळीकडे म्हणणार. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा.

रवि., २ जुलै
बार्शीटाकळीला गेले, रफिकभाईच्याच गाडीनं. पैसे घेतले नाहीत. "आपाची मास्तरीन तुमी." सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत.
आपा ओसरीत होत्या. अम्मीनं चहा ठेवला. मी कपाला हात न लावता एका दमात सांगून टाकलं. रफिकभाई दारातच थांबला.
आपांनी आपला कप खाली ठेवला.
"मंग वाचून दाखोलं ते कायचं होतं?"
"तुमचंच. पाठ होतं मला."
"पाठ होतं." आणि मग, "पाठ होतं तं लिवलं काहून नाही?"
मी तपासणाऱ्याचं, मथळ्यांचं सांगायला लागले. त्यांनी मधेच तोडलं.
"आता म्हन. काय लिवलं ते म्हन. सारं."
म्हणाले. त्यांच्या ओसरीत, त्यांच्या आईसमोर, रफिकभाईसमोर. अज्ञान. अंधश्रद्धा. उधळपट्टी. व्यसनाशी थांबले. आपांनी सोडलं नाही. "पुढं." शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेतलं.
"हे माह्या नावावर हाये," त्या म्हणाल्या. मला नाही, अम्मीला.
रफिकभाई बाहेर निघून गेला. परत येताना दुसऱ्या गाडीनं आले.

रवि., ९ जुलै
वाटलं होतं आपा केंद्रावर येणार नाहीत. आल्या. काका सत्काराचे फोटो घेऊन धावले, त्यांच्या हातात दिले. हातात! आपांनी ते तसेच बाकावर ठेवले आणि मला म्हणाल्या, "कागद काढ. अर्ज लिव."
विद्यापीठाला अर्ज. तिसरं उत्तर माझं नाही, लेखनिकानं स्वतःच्या मनानं लिहिलं, माझा पेपर रद्द करा किंवा मला पुन्हा लिहू द्या. लेखनिकाच्या जागी माझं नाव सांगितलं, मी लिहिलं. अक्षर घाण आलं. एकही शब्द बदलला नाही.
लिहून झाल्यावर मी म्हटलं, वाचून दाखवू?
"नको."
उठल्या, काठी टेकत समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. मी मागे. गिऱ्हाईकं होती चार-पाच. दुकानदाराला म्हणाल्या, "भाऊ, हे जरा जोरानं वाचा बरं." त्यानं वाचलं. माझ्या नावासकट. लोक माझ्याकडे बघत होते की नाही, कळलं नाही. मी जमिनीकडे बघत होते.
"बराबर हाये," आपा म्हणाल्या. त्यालाच.
एवढे महिने मी या केंद्राची, या लोकांची टिंगल लिहीत आले. कोणाबद्दलही खोटं नव्हतं लिहिलं. पण त्यातल्या एकाही मूर्खानं आपांचं बोलणं चोरलं नव्हतं.
केंद्राकडे परतताना जिन्यात धीर करून विचारलं, अर्ज देणार का? नोकरीचा फॉर्म भरायची मुदत उद्याची आहे.
"दोनी कागद बॅगीत ठेवले. कोनता काढाचा ते मी पाहीन. आता तू नको सांगू."

सोम., १० जुलै. अकोला बसस्टँड
दुपारी रफिकभाई स्टँडबाहेर दिसला. बोलणार नाही वाटलं, पण बोलला. आपा सकाळी सातच्या बसनं अमरावतीला गेली. एकटीच. तो सोबत निघाला होता, तिनं नको म्हटलं. विद्यापीठ अमरावतीला, नोकरीचं ऑफिसही अमरावतीला. आधी कुठे जाणार, की एकाच ठिकाणी जाणार, त्यालाही सांगितलेलं नाही.
सकाळीच सेवा योजनेच्या सरांना भेटून सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, तू अतिविचार करतेस.
परतीची बस साडेपाचची. बाकावर बसून लिहितेय. रफिकभाई गाडी लावून शेजारी उभा आहे. म्हणाला, "तुमी काहून थांबल्या?" मी फलाटाकडे बोट केलं.
बस लागली. दार उघडलं. माणसं उतरून राहिली.