शेवट आधीच सांगणारी बाई

शनिवार, ५ डिसेंबर

आमच्या सिनेमा क्लबच्या सेक्रेटरीने आज सगळ्यांदेखत बजावलं — आजी, सिनेमाची ओळख करून द्या, पण शेवट सांगू नका. म्हणजे काय! गाण्यांचे जुने सिनेमे हे. शेवटी लग्न होतं, नाहीतर हरवलेलं माणूस घरी येतं आणि सगळे मिळून गातात. त्यात गुपित कसलं? मी सांगितलाच. पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या. सेक्रेटरी नाक मुरडत मागे जाऊन बसला.

रविवार, ६ डिसेंबर

शेवट का सांगते, हे त्याला कशाला सांगू? इथे लिहिते. हे थेटरात ऑपरेटर होते. मला तिकीट पडत नसे, पण मध्यंतर झालं की घर गाठायचं, सासूबाईंना जेवायला वाढायचं. उरलेला सिनेमा हे घरी आल्यावर जेवताना सांगायचे, गाण्यांसकट. आवाज असा भसाडा की सासूबाई पलीकडच्या खोलीतून ओरडायच्या! पण मला पडद्यापेक्षा तेच आवडायचं. आता सासूबाई नाहीत, हेही नाहीत. तरी मध्यंतर झालं की पाय घराकडे वळतात. बघायचं काय राहिलंय? शेवट सगळे पाठ आहेत मला.

बुधवार, ९ डिसेंबर

सेक्रेटरी घरी येऊन गेला. लोकांच्या तक्रारी आहेत म्हणे. पुढच्या आठवड्यापासून माहिती पडद्यावरच लिहून येणार, बोलायला माणूस नको. येत्या शनिवारी सुट्टीत सगळे घरी जमतात तो सिनेमा आहे, तेवढा माझा. चहा विचारला नाही त्याला.

शुक्रवार, ११ डिसेंबर

उद्या घसा बसला तरी बोलणार.

रविवार, १३ डिसेंबर

काल बोलले. माईकही घेतला नाही! सांगितलं — सुट्टीत सगळं घर जमलंय, एकटा थोरला मुलगा भांडून गेलेला. शेवटी तोही बर्फ तुडवत येतो, आई दार उघडते, बहीण पियानोवर बसते. टाळ्या पडल्या. मध्यंतराला उठले तर सेक्रेटरी आडवा आला. "आज तरी शेवटपर्यंत बसा, आजी." मी पळ काढतेय असं वाटलं असणार त्याला. बसले!

थोरला आलाच नाही. आई त्याचं ताट उचलून ठेवते, दिवा मालवते. संपलं. गाणंसुद्धा नाही.

दिवे लागले तसे सगळे माझ्याकडे वळले. सेक्रेटरीने विचारलं, हा शेवट आणलात कुठून? म्हटलं, "माझ्या नवऱ्याने सांगितलाय. त्यांनी हा सिनेमा महिनाभर रोज चालवलाय." मान ताठ ठेवून घरी आले.

सोमवार, १४ डिसेंबर

सेक्रेटरीचा निरोप — माझी चूक झाली, एवढं पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर सांगा, मग तुमचं बोलणं चालू ठेवू.

मंगळवार, १५ डिसेंबर

तो सिनेमा लागला त्या हिवाळ्यात आमचा थोरला भांडून घर सोडून गेला होता. मी अन्नाला शिवत नव्हते. ह्यांनी ताटावर बसून तो शेवट सांगितला आणि मी दोन घास खाल्ले. आमचा आजतागायत आलेला नाही.

चूक झाली असं मी सांगणार नाही.