त्या मंगळवारची नोंद

नारायण पेठ, शुक्रवार

प्रिय मंदा,

पत्र बघून दचकलीस ना? फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि आज मला सलग बोलायचंय. अगं, मी जिंकले! सहा आठवड्यांची लढाई! आपल्या हिंजवडीच्या त्या अवाढव्य मेनफ्रेम संगणकाच्या पोटात आता दोनशे चाळीस व्हर्च्युअल मशीन, जणू दोनशे चाळीस वेगळे संगणक, नांदतात. त्यातलं कोण जागा अडवतंय आणि कोण नुसतंच ताटकळतंय, हे दाखवणारं नवं टूल निवडायचं होतं. शेवटी दोन उरली. एकाचे रंगीत आलेख इतके देखणे, की आमचा नवा मॅनेजर आमोद त्याच्या प्रेमातच पडला. दुसरं हिरव्या अक्षरांचं, रुक्ष. पण मिनिटामिनिटाचं सांगणारं. आमोद म्हणाला, "श्यामलाताई, हे तुमच्या जमान्यातलं दिसतंय." मी म्हटलं, "म्हणूनच त्याला जास्त दिसतं."

मग मीच परीक्षा सुचवली. एका जुन्या बिघाडाची नोंद दोघांना द्यायची. जे कारण शोधेल ते आपलं. टेपांच्या कपाटातून मी नऊ वर्षांपूर्वीचा तो मंगळवार काढला. सकाळी तू क्लेमच्या मशीनची मेमरी वाढवलीस, अकरानंतर सगळ्या शाखांचे स्क्रीन गोठले, विमेदार तीन तास खिडक्यांसमोर खोळंबले आणि सगळ्यांनी बोट तुझ्याकडे दाखवलं. महिन्याभरात तू राजीनामा दिलास. तेव्हापासून कर्वेनगरात गणिताच्या शिकवण्या घेतेस.

रंगीत टूल म्हणालं, ताण फार होता. ते आम्हालाही ठाऊक होतं! दुसऱ्यानं मात्र, मंदा, अकरा वाजून बारा मिनिटांनी एक मशीन मेमरी ओरबाडताना दाखवलं आणि बाकीची सगळी त्याच्यामागे रांगेत. तुझं क्लेमचं मशीनही बिचारं रांगेतच! तुझ्या बदलाचा काडीचा संबंध नव्हता. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, अख्खा मजला बघायला लागला.

मग त्या मशीनचं नाव वाचलं. ते माझं चाचणीचं मशीन होतं. त्या सकाळी मी त्याची मेमरीची मर्यादा काढून चाचणी लावली आणि कँटीनला गेले. खूप उशिरा लक्षात आल्यावर ते गुपचूप बंद केलं आणि थोड्याच वेळात सगळं सुरळीत झालं. शंका तेव्हाच आली होती गं. पण मला कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. दर दिवाळीला तुला फराळ पाठवत राहिले. परवा ती टेप काढली, तेव्हासुद्धा शंका खोटी ठरेल असंच वाटत होतं.

आज निवड समितीसमोर मी तेच पान स्क्रीनवर लावलं आणि मशीन कुणाचं होतं ते सांगितलं. मग टूल मंजूर झालं. सोमवारी आमोद तुला फोन करेल; चूक तुझी नव्हती, असं कंपनी लेखी देणार आहे. ते तुला परक्या माणसाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. उद्या मीच तुमच्या सोसायटीच्या पत्रपेटीत टाकेन. तुझं नाव मोकळं झालं याचा आनंद मला आवरत नाही, आणि तो दाखवायचा हक्क मला आहे का, हेही कळत नाही. रविवारी दहाला तुझी बेल वाजवेन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

अजूनही म्हणू देणार असशील तर तुझीच,
श्यामला