एकास चार पाणी

३ एप्रिल, गुरुवार
गाडी विकायला काढलीय, तिच्यासाठी पहिला फोन. वारज्याचे कदम. वीस तारखेला, रविवारी येतात. त्याआधी त्यांच्या घरात लग्न आहे. यांनी फोनवर सांगितलं, नऊ वर्षं एकट्यानेच चालवली, आता घरी दोघंच, गरज पडत नाही. खरं कारण सांगितलं नाही. ऋतालाही नाही. मुलगी बंगळूरला बसून काय करणार, म्हणे.

मला माहीत आहे, कारण मी शेजारी बसले होते. मार्चमधली दुपार, चारचा सुमार, वारज्याच्या पुलाच्या अलीकडे. स्कूटरवाली बाई समोरून आडवी गेली, यांना दिसलीच नाही. मी ओरडले, ब्रेक लागला, मध्ये वीतभर जागा राहिली. तिने हेल्मेटची काच वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "काका, दिसत नसेल तर घरी बसा."

तेव्हापासून हे घरीच बसलेत.

५ एप्रिल, शनि.
सासऱ्यांचे डोळे काचबिंदूने गेले. शेवटची सहा वर्षं रेडिओ आणि माझा हात. ते यांच्या मनातून जात नाही हे कळतं. पण तपासून घ्या म्हटलं की यांना कुठलं तरी बिल भरायचं आठवतं. आजही आठवलं. विजेचं. ते मी सोमवारीच भरलंय.

गाडी विकायची तर चकचकीत हवी म्हणून रोज सकाळी खाली जातात. पाच लिटरचा कॅन आहे, आत दुधासारखं पांढरं. हे त्याला पॉलिश म्हणतात, लेबलवर ड्रेसिंग लिहिलंय. टायर, बंपरच्या काळ्या पट्ट्या, डॅशबोर्ड, दारांची आतली बाजू, सगळ्याला तेच. आज लेबल पूर्ण वाचलं (चष्मा + भिंग). टायरला जसंच्या तसं किंवा एकास एक पाणी. बाहेरच्या प्लास्टिकला एकास तीन. आतल्या भागाला एकास चार. स्टिअरिंग आणि पेडलला लावू नये.

हे सगळीकडे जसंच्या तसं लावतात. स्टिअरिंगलासुद्धा. मग म्हणतात, उन्हाळ्यात हात घसरतात.

लेबलसारखं पाणी का घालत नाही, विचारलं. म्हणाले, "पाणीच घालायचं तर विकत कशाला आणायचं?" दुधात पाणी आहे म्हणून चार दूधवाले बदललेला माणूस. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

पण एकास चारला नेमकं होतं काय? चौतीस वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये पोरांना द्रावणं करून दिली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. हात शिवशिवतायत.

७ एप्रिल, सोम.
मागच्या बंपरची काळी पट्टी, उन्हाने राखाडी झालेली. कागदी टेप लावून पाच भाग केले. अ – काही नाही. ब – जसंच्या तसं. क – १:१. ड – १:३. इ – १:४. माळ्यावरून जुनं मोजपात्र काढलं. शेलार (आमचे वॉचमन) बराच वेळ बघत होते. शेवटी विचारलं, गाडीला काही लागलंय का.

सायंकाळी: क, ड, इ वर पांढरे ठिपके. जेवढं पाणी जास्त तेवढे ठिपके जास्त. हे येऊन बघून गेले. नुसती मान हलवली. तेच जास्त लागलं.

८ एप्रिल, मंगळ.
ठिपके पॉलिशचे नाहीत, पाण्याचे आहेत. उन्हाळ्यात टँकर येतो, त्या पाण्याने नळाच्या तोट्यासुद्धा पांढऱ्या होतात. क्षार नसलेलं पाणी हवं. डिस्टिल्ड वॉटर आणायला निघाले होते, चपला घातल्या, आणि गॅलरीत एसीच्या नळीखालची बादली दिसली. रोज तीन-चार लिटर. आजवर कुंड्यांना घालत होते.

पट्ट्या पुसून पुन्हा केल्या. ठिपके नाहीत. एकटीच गॅलरीत उभी राहून हसले.

९ एप्रिल, बुध.
ब (जसंच्या तसं): ओलं असल्यासारखं चकाकतं, पण धूळ धरून बसलंय. बोट फिरवलं की रेघ. गाडी चालायची तेव्हा दारांखाली काळे शिंतोडे येत, ते टायरवरून उडणारं हेच असणार.
ड (१:३): चकाकी नाही. काळं. गाडी नवी आणली तेव्हा दिसायचं तसं.
इ (१:४): बाहेर फिकं पडतं. हे आतल्यासाठी.

यांना ड दाखवली. "ही बरी आहे. कोणती, जसंच्या तसंवाली ना?" मी सांगितलं. मग म्हणाले, उजेडाचा फरक असेल.

११ एप्रिल, शुक्र.
सकाळी भांडी घासताना डोक्यात आलं ते असं. चकाकणाऱ्या वस्तूचं प्रतिबिंब पडतं. डॅशबोर्डच्या वर तिरकी काच आहे. मग डॅशबोर्डचं प्रतिबिंब कुठे पडत असेल?

भांडी तशीच टाकून ही वही मागे चाळली. कॅन घरी आला २२ फेब्रुवारीला. २६ फेब्रुवारीला मीच लिहिलंय, "हे म्हणतात हल्लीचं ऊन फार पांढरं वाटतं." स्कूटरवाली बाई ११ मार्चला. वारज्याकडे जाताना, म्हणजे पश्चिमेला, ऊन समोरून.

तिन्ही तारखांखाली रेघ मारली.

पण हेही लिहून ठेवते. जानेवारीत यांनी गेटच्या खांबाला गाडीचा आरसा घासला होता. तेव्हा संध्याकाळ होती आणि कॅनही नव्हता. सोयीचं तेवढंच टिपायचं नाही, हे मी पोरांना शिकवलंय.

१२ एप्रिल, शनि.
गाडी कायम इमारतीखाली सावलीत असते, म्हणून कळलं नाही. मॅट वाळवायचेत असं सांगून यांना गाडी बाहेर काढायला लावली, तोंड गेटकडे, म्हणजे पश्चिमेला. एवढी दहा पावलं मात्र अजून चालवतात. चार वाजता एकटी जाऊन चालकाच्या जागेवर बसले.

समोरच्या काचेवर अख्खा डॅशबोर्ड. पांढरा, पडदा ओढल्यासारखा. गेटपाशी गुलमोहराच्या सावलीत शेलार उभे होते, ते मला दिसत नव्हते. चालायला लागले तेव्हा कळलं की तिथे माणूस आहे. आणि माझे डोळे, मोतीबिंदू काढल्यापासून, या घरातले सगळ्यात चांगले डोळे आहेत.

खाली उतरून शेलारांना उगाचच चहा पाठवते म्हणाले.

१३ एप्रिल, रवि.
डॅशबोर्डची डावी अर्धी बाजू साबणाच्या फडक्याने तीनदा पुसली, मग १:४, फडक्यावर घेऊन हलका हात. मध्ये टेप. उजवी बाजू यांची, तशीच ठेवली. स्टिअरिंगही साबणाने पुसलं, ते प्रयोगात नव्हतं, पण राहवेना. बसून पाहिलं. डावीकडून काच नुसती काच.

जेवताना सांगितलं. तारखा, ऊन, सगळं. मला वाटलं खूश होतील.

ताटावरून उठले. म्हणाले, आठवड्यावर गिऱ्हाईक आलंय आणि तू गाडीला टेप चिकटवून ठेवलीस.

१४ एप्रिल, सोम.
बोलत नाहीत. "चहा ठेवलाय" हे यांनी फ्रिजला सांगितलं. फ्रिजने प्यायला नाही, मी प्यायले.

सुट्टी म्हणून ऋताचा फोन. बाबा कसे आहेत? बरे आहेत म्हटलं. खोटं बोलताना मी नेहमी फोन या कानाचा त्या कानाला लावते.

मला काही केल्या उलगडा होत नाही. गाडीचा दोष निघाला तर यांना आनंद का नको? दोन मिनिटं बसून बघायचं. फी नाही, रांग नाही.

१६ एप्रिल, बुध.
उलगडा झाला. शेंगा सोलत बसले होते, हे समोर येऊन बसले आणि न विचारता सोलू लागले. मग शेंगेकडे बघत:

"मी बसलो, तुझ्या त्या बाजूने बघितलं, आणि तरी दिसलं नाही तर?"

प्रयोग म्हटलं की मला उत्तराची उत्सुकता असते, कुठलंही येवो. यांना कुठलंही चालणार नाही. गाडी विकली की प्रश्नच संपतो, म्हणून विकतायत. इतकं सरळ होतं आणि मी बंपरवर पट्ट्या मारत बसले होते. वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला.

म्हटलं, तर मी आहे ना शेजारी. म्हणाले, बाबांच्याही शेजारी तूच होतीस.

१७ एप्रिल, गुरु.
दुपारी पावणेचारला किल्ली घेऊन स्वतःच खाली गेले. मी मागून. शेलारांना गुलमोहराखाली उभं राहायला सांगितलं, हलायचं नाही. ते आता काही विचारत नाहीत.

आधी चालकाच्या जागेवर, समोर चकाकणारी बाजू. "कुठे आहे शेलार?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. नाही दिसले. चेहरा उतरला. मग डावीकडे बसवलं. काचेकडे बघेनात, आधी टेपकडेच बघत राहिले. मग मान वर केली.

"कान कोरतोय."

खरंच कोरत होते. मला रडू आणि हसू एकदम आलं. हेही हसले, किती दिवसांनी.

मग उत्साहात यांनीच गेटजवळच्या स्कूटरचा नंबर वाचायला घेतला. चारही आकडे, मोठ्याने. "शेवटी तीन. बरोबर?"

शेवटी आठ होता.

बरोबर म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. पण ज्या माणसाने आयुष्यभर पाणी घातलेलं काही चालवून घेतलं नाही, त्याला मी ते कसं द्यायचं. म्हटलं, "आठ आहे."

"बरं," म्हणाले. मग खाली उतरून फडकं मागितलं आणि उजवी बाजू पुसायला लागले. कोपऱ्यापर्यंत, नीट. टेपही त्यांनीच काढली.

१८ एप्रिल, शुक्र.
नोंद म्हणून. डॅशबोर्डने मार्चमधली दुपार समजते. जानेवारीचा खांब समजत नाही, तीन-आठही समजत नाही. चष्म्याचा नंबर असेल, मोतीबिंदू असेल, नाहीतर ते दुसरं. बंपरवर याचं उत्तर मिळणार नाही.

सायंकाळी यांनी विचारलं, तुझ्या डोळ्यांचे ते डॉक्टर बुधवारी असतात का. असतात. सव्वादहाची वेळ घेतली. नाव नोंदवताना "वडिलांना होता" हे यांनी स्वतः सांगितलं.

२० एप्रिल, रवि.
कदम आले, बरोबर बायको. तिशीतले असतील. गाडीभोवती दोन फेऱ्या. आता टायर १:१, पट्ट्या १:३, आत १:४. कुठेही तेलकट नाही. कदमांनी डॅशबोर्डवर हात फिरवून बोटं बघितली.

"गाडी चांगली हाय, काका. बाकीच्यांनी नुसतं तेल चोपडलेलं असतंय. द्यायची ना?"

हे म्हणाले, "सांगतो गुरुवारी. बुधवारी डोळे दाखवायचेत. दिसत असेल तर मलाच लागेल."

मी बघतच राहिले. सख्ख्या मुलीला सांगितलं नाही ते, नाव माहीत होऊन दोन आठवडे झालेल्या माणसाला. कदमांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "दाखवा की. आमच्या आबांनी लई उशीर केला," म्हणाले आणि थांबायला तयार झाले. त्यांच्या बायकोने एकास चारचं विचारून घेतलं, मोबाइलमध्ये लिहून घेतलं. एसीचं पाणी म्हटल्यावर हसली, पण तेही लिहिलं.

हे दुपारी ऋताशी फोनवर बोलले. दार लावून, अर्धा तास. नंतर तिचा मला मेसेज: आई, तू कान बदललास तेव्हाच कळलं होतं.

२३ एप्रिल, बुध.
सकाळी ९.१०. आज डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करणार, नंतर गाडी चालवता येत नाही, म्हणून रिक्षा बोलावली. यांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय. चहा अर्धाच प्यायले. माझाही गेला नाही.

चपला घालायला गॅलरीत गेले तर एसीखालची बादली रिकामी. काल संध्याकाळी भरलेली होती. शेजारी माझं मोजपात्र, धुऊन पालथं घातलेलं. आणि एक नवी बाटली, पांढरट पाण्याने गळ्यापर्यंत भरलेली. मी केली नव्हती.

बाटलीवर कागद चिकटवलाय. यांचं अक्षर, मोठं, शाळेच्या फळ्यावर लिहितात तेवढं. डॅशबोर्ड. एकास चार. खाली, पुढचा हात: २३ मे.

तारखेकडे बघत उभी राहिले. मे महिन्यात गाडी कोणाच्या दारात असेल ते मला माहीत नाही, यांनाही नाही. दारातून हाक मारतायत, रिक्षावाला थांबलाय.