अण्णांचा उजवा हात

मंगळवार, संध्याकाळ

अर्धांगवायूने अण्णांचा उजवा हात गेला, तेव्हापासून वर्षभर मीच त्यांना भरवते. आमच्या सदाशिव पेठेतल्या काकू मला गुणाची पोर म्हणतात. ऐकायला आवडतं, खोटं कशाला लिहू?

आज मेतकूट-भातावर घालायला तूप आणायला आत गेले. परत येते तर चमचा अण्णांच्या उजव्या हातात. शांतपणे जेवत होते. आनंद व्हायला हवा होता. राग का आला मला?

"अण्णा, हा हात कधीपासून हलतोय?"

"दिवाळीपासून. तुला भरवायला आवडतं, म्हणून बोललो नाही."

मग त्यांनी चमचा ठेवला, तो हात पुन्हा लुळा करून मांडीवर टाकला आणि तोंड उघडलं.

मी भरवलं. बरं वाटलं.