तीन चौकटींचा उजेड

भिवंडी, मंगळवार, मे २००६

मी कॉम्प्युटरवर बनवतोय त्या गेममधली रात्र आज जमली. चौकटींचा सगळा नकाशा काळा केला, खेळाडूभोवती फक्त तीन चौकटींचा उजेड ठेवला. हौसेने बाबांना दाखवला. ते बघतच राहिले. मग म्हणाले, "अंधार पडला की मला असंच दिसतं."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. आईला बोलू नको."

आणि रोज रात्री ते मानकोलीच्या गोदामातून माल भरून टेम्पो आणतात. तीन चौकटींच्या उजेडात? कोणी आडवं आलं तर? डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "लायसन जाईल. मग खायचं काय?"

आता त्यांची निघायची वेळ झालीय. टेम्पोची किल्ली माझ्या खिशात आहे. बाबा खुंटी चाचपतायत, आणि मी मान वर न करता लिहितोय.