ताईच्या दुकानात लागलेले मटणाचे दिवे

मी, दुकानांमध्ये उजेडाची मांडणी करून पोट भरलेला, वय वर्षे एकाहत्तर, बाजारात ‘दिवेवाला’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट वकीलबाईंचा आग्रह होता की हे दोन पानांत आटपावे. “मनातलं असेल ते वेगळ्या पत्रात लिहा, काका. मृत्युपत्रात नको,” असे त्या म्हणाल्या. मी ऐकलेले नाही. पत्र लिहून मी ते कधीच पाठवत नाही, हे मला बावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण एक गोष्ट गाळलेली होती.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि गॅलरी, मी माझ्या थोरल्या बहिणीला देत आहे. यापुढे तिला ताई म्हणेन, कारण दुसरे काही म्हणायला हात वळत नाही. ताईला हे घर कोणत्याही कारणाने पोचले नाही, तर ते तिच्या मुलीला, माझ्या भाचीला जावे. हे वाक्य वकीलबाईंनी घालायला लावले. पत्नी आठ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, त्यामुळे इतर कोणाचा हक्क पोचत नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक भाचीची. तिने ती कशावरही उडवावी, मी बघायला येणार नाही.

कलम ३. उजेड मोजायचे यंत्र, घडीची उंच शिडी, काचेच्या रंगीत चकत्यांची पेटी आणि दिव्यांचे जुने नमुने रॅकवाल्या सुताराला द्यावेत. तीस वर्षे त्याने रॅक केले आणि मी त्यांवर उजेड पाडला. दुकानाची मागची भिंत सर्वांत उजळ ठेवली की गिऱ्हाईक आपसूक आत शिरते, हे मी त्याला शिकवले. भिंत रिकामी ठेवली तर मी दिवे कशावर मारणार, हे त्याने मला शिकवले. शिडीवर तो कपडे वाळत घालणार आहे, मला पक्के ठाऊक आहे. घालू दे.

माझ्या कामांच्या फोटोंची जाड फाईल मात्र कोणालाही देऊ नये. तिचे पहिले पान का फाडले आहे ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. खालच्या चपलांच्या दुकानाच्या मालकाला काहीही देऊ नये. माझ्या मागे चार शब्द बोलायला तो उभा राहिलाच, तर त्याला खाली बसवावे. त्याचा भाऊ कपडे विकतो. त्या भावाच्या दुकानात कपडे घालून बघायच्या खोलीत दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना लावा, असे मी घसा फोडून सांगितले होते. याने मध्ये नाक खुपसून डोक्यावर एकच दिवा लावायला लावला. डोक्यावरच्या दिव्याखाली धडधाकट माणूससुद्धा आठवडाभर तापाने झोपल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक आरशात बघे आणि शर्ट परत ठेवी. मग हा पठ्ठ्या चारचौघांत म्हणाला, “बल्बवाल्याला काय कळतं?” मी रागाने तीन दिवस जेवलो नाही. इतका मला माझ्या डोळ्यांचा गर्व होता, एवढेच यातून दिसावे.

कलम ५. आता ती गोष्ट. कलम ४ लिहून दोन दिवस झाले. मी टेबलाशी येत होतो आणि उठून जात होतो.

ताईचे धाग्यांचे दुकान होते. धागे, अस्तर, बटणे. दुकान कसले, एक काउंटर आणि त्याच्या बाजूला एक खिडकी. शिंपी कापडाचा तुकडा घेऊन येत. ताई तो खिडकीशी धरी, एकदाच बघे, आणि मागे न बघता हात घालून रीळ काढी. शिवण दिसत नसे इतका रंग जुळे. नुसत्या राखाडीची तिच्याकडे एकोणीस रिळे होती आणि एकोणिसांना तिने नावे दिली होती: ओली राख, कबुतर, पावणेकाळा, सासूबाई. शिंपी येऊन “ताई, दोन सासूबाई द्या” म्हणत आणि दुकानभर हशा पिकत असे.

मी तिला तेच दुकान नव्याने सजवून दिले. भेट म्हणून. तिने मागितले नव्हते. मी खिडकी बुजवली आणि तिथे जमिनीपासून छतापर्यंत रिळांची भिंत उभी केली, वरून ट्यूबचा झोत. ताई म्हणाली, “खिडकी तेवढी राहू दे रे.” मी म्हणालो, “ताई, खिडकीतला उजेड दर तासाला बदलतो. माझा बदलत नाही.” दुकान फारच सुंदर दिसले. त्याचा फोटो मी फाईलच्या पहिल्या पानावर लावला आणि त्या फोटोवर मला पुढची सात कामे मिळाली.

त्याच आठवड्यात मी एका खाटकाच्या दुकानाचे काम करत होतो. मटणावर टाकायच्या ट्यूब वेगळ्या असतात. त्यांच्यात गुलाबी झाक असते, त्यामुळे मांस ताजे दिसते. आपल्या डोळ्यांना ती झाक दोन मिनिटांत सरावते आणि मग उजेड पांढराच वाटतो, पण राखाडी आणि तपकिरी त्याखाली एकच दिसतात. खोकी सारखीच होती. माझ्याकडून अदलाबदल झाली. मटणाचे दिवे ताईच्या रिळांवर लागले.

महिन्याभरात एक शिंपी कोट घेऊन आला. राखाडी कोटावर शिवण तपकिरी दिसत होती. मग दुसरा आला. मग एका शाळेचे सगळे गणवेश परत आले. ताईने चष्मा बदलला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून “वयाच्या मानाने ठीक आहे” म्हटले, त्यातले तिने फक्त ‘वय’ ऐकले. मी दुकानात गेलो की ती रीळ पुढे करून हळूच विचारी, “हा राखाडीच आहे ना रे?” आणि मी, उजेडातला जाणकार, त्याच दिव्याखाली उभा राहून म्हणे, “ताई, वय झालं की होतं असं.”

आठ महिन्यांनी खाटकाने मला बोलावले. “अहो, माझं मटण शिळं दिसतंय,” तो म्हणाला. मी वर पाहिले, तर गुलाबीच्या जागी ताईच्या दुकानासाठी आणलेल्या पांढऱ्या ट्यूब जळत होत्या. त्याच रविवारी मी दोन्हीकडच्या ट्यूब बदलल्या. ताईला सांगितले, जुन्या झाल्या होत्या. तोवर तिने स्वतः रंग जुळवणे सोडून दिले होते. काउंटरवर छापील नंबरांचे कार्ड ठेवले होते आणि त्यावरून एक मुलगी रिळे काढून देई. ताई बाजूला स्टुलावर बसून बटणे मोजत असे. खरे सांगायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. मी मूग गिळून बसलो, कारण फोटो फाईलमध्ये होता, कामे येत होती आणि माझी चूक होऊ शकते हे बाजाराला कळायला नको होते. वर्ष संपायच्या आत तिने दुकान विकले. मी तिला दुकान विकायला मदतही केली.

ताई, तुझे डोळे बिघडले नव्हते. दिवे माझे होते. मला याची लाज वाटते. आपण जेवायला एकत्र बसतो तेव्हा वाटते, आणि तू माझे कौतुक करतेस तेव्हा सर्वांत जास्त वाटते.

कलम ६. माझ्या कपाटात एक गुलाबी ट्यूब आणि ‘कबुतर’ व ‘सासूबाई’ अशी दोन रिळे जपून ठेवली आहेत. ती ताईला द्यावीत. तिने रिळे आधी ट्यूबखाली आणि मग दारात नेऊन बघावीत, म्हणजे तिची खात्री पटेल. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकीलबाईंचे. कलम ५ त्यांनी ताईसमोर मोठ्याने वाचावे. मी तेव्हा नसेन. इतकेच धाडस माझ्याच्याने होते.

पुरवणी. वरचा मजकूर वाचून वकीलबाई म्हणाल्या, “म्हणजे काका, मेल्यावर कबूल करणार?” त्यांनी तेवढेच म्हटले. मी तिथूनच ताईला फोन लावला.

ताई आज सकाळी आली. तिने कागद माझ्या हातून घेतले, गॅलरीच्या दारात उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. मी खुर्चीत होतो. वकीलबाई आणि सहीसाठी बोलावलेला रॅकवाला भिंतीकडे बघत होते.

मग ताई म्हणाली, “बावीस वर्षं मी स्वतःचे कपडे घेतानासुद्धा शेजारणीला रंग विचारते.”

मी म्हणालो, “ताई, मला माफ...”

“ते राहू दे. माफ केलं असं लिहू नकोस यात. मी तसं म्हटलेलं नाही.”

तिने पुन्हा पाने चाळली, आणि तिसरे पान उन्हात तिरके धरले. “चौथ्या कलमानंतर पेन बदललंस का रे?”

मी म्हणालो, दोन्ही काळीच पेने आहेत.

“पहिलं काळं आहे. दुसरं निळ्याकडे झुकतंय. थोडंसंच.”

वकीलबाईंनी पाने खोलीतल्या दिव्याखाली नेली. त्यांना काही दिसले नाही. मलाही दिसले नाही. मग मी उठून दारात गेलो, तिच्या शेजारी उभा राहिलो, आणि तेव्हा कुठे दिसले. थोडेसेच. ट्यूबचे खोके कपाटातून काढायची गरज पडली नाही.

ताईने साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितले. वकीलबाईंनी समजावले की ज्याला काही मिळायचे आहे, त्याने साक्षीदार व्हायचे नसते; रॅकवाल्याला कलम ३ चे सामान म्हणूनच मी आज सकाळी हातोहात देऊन टाकले होते. सही केली तर घर तिला मिळणार नाही, कलम १ प्रमाणे भाचीकडे जाईल. ताई म्हणाली, “कळलं मला. द्या पेन.”

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र पूर्ण केले.

ठिकाण: माझे घर, गॅलरीचे दार. दिनांक: अकरा फेब्रुवारी, सकाळी साडेदहा, ऊन स्वच्छ.

(सही) दिवेवाला

साक्षीदार १: (सही) रॅकवाला. व्यवसाय: सुतारकाम.

साक्षीदार २: (सही) लिहून देणाऱ्याची थोरली बहीण. व्यवसाय: ~~काही नाही~~ रंग जुळवणे.

(टीप: वरील खोडाखोड साक्षीदार क्र. २ हिने स्वतःच्या हाताने केली असून शेजारी सही केली आहे.)