गाण्यातलं माझं नाव

प्रिय एफ्राइन,

भर रस्त्यात गाडी अडवून, कागद विचारून तुला सीमेपार धाडलं, तेव्हापासून आपली लेक यादिरा रॅप लिहिते. फीनिक्स शहरभर पोरांच्या तोंडी तिचं गाणं आहे. या गाणाऱ्यांची रीतच अशी, की आपली गल्ली, आपली माणसं नावानिशी घ्यायची. तिनं तुझं नाव घेतलं, मग माझंही, आडनावासकट.

लाँड्रीत अठरा वर्षं मी दुसऱ्या बाईच्या उसन्या कागदांवर 'इर्मा' म्हणून इस्त्री करते. शेजारी इस्त्री करणारी चोले हसत म्हणाली, "इर्मा, तुझ्या पोरीला आया किती गं? गाण्यात तर आईला ओबदुलिया म्हणते!" मी मान खाली घालून इस्त्री फिरवत राहिले.

घरी यादिराला म्हटलं, "माझं नाव काढ."

"बाबांचं नाव ऐकून रडलीस, आणि स्वतःचं ऐकून घाबरलीस?"

"तू इथे जन्मलीस, बाई. तुला कोण धाडणार?"

तिनं नाव काढलं.

शनिवारी विधानभवनासमोर ती रस्त्यात अडवून कागद विचारायच्या त्या कायद्याविरुद्ध गायली. पोलीस रांगेनं उभे होते. माझ्या नावाच्या जागी ती थांबली, ताल नुसता वाजत राहिला. पण गाणं सगळ्यांना पाठ होतं. तीनशे माणसं एका आवाजात ओरडली, "ओबदुलिया रेंतेरिया!"

यादिरानं दचकून माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेमागोमाग सगळ्यांनीच, पोलिसांनीही.

तीन दिवस मी कामावर गेलेले नाही. दार वाजलं की आम्ही दोघी श्वास रोखतो. पत्र पेटीत टाकायलाही बाहेर पडवत नाही.

तुझीच,
अजून इथे असलेली